विश्लेषण : हळद हलाल, मग डबीतला ‘नैसर्गिक’ रंग संशयास्पद का?

फेब्रुवारी-मार्च म्हणजे वाशीम जिल्ह्यात हळदीचे दिवस. रिसोड, मालेगाव, वाशीम तालुक्यांच्या शिवारात हळद शिजवली जाते, वाळत घातली जाते, ड्रममध्ये पॉलिश होते आणि कांडी वेगळी, गट्टू वेगळा होऊन बाजार समितीत पोहोचते. गेली दोन-तीन वर्षे रमजानही याच सुमारास येतो आहे. मंगरुळपीर, कारंजा आणि वाशीमच्या बाजारात तेव्हा सरबताच्या बाटल्या, टूटी-फ्रूटी घातलेली बिस्किटे, जर्द्यासाठी लागणाऱ्या केशरी रंगाच्या छोट्या डब्या यांची विक्री वाढते. अलीकडे या डब्यांवर आणि पाकिटांवर ‘नैसर्गिक रंग’, ‘वनस्पतिजन्य रंग’ असे शब्द दिसू लागले आहेत. आणि त्यासोबत एक प्रश्नही : झाडापासून आलेला रंग हलाल असणारच ना?

थोडक्यात उत्तर ‘बहुतेक वेळा हो’ असे आहे. प्रश्न उरतो तो ‘बहुतेक वेळा’ या शब्दांपाशी, आणि त्यात थोडे रसायनशास्त्र, थोडा फिकह आणि बराचसा लेबलचा कायदा आहे.

मूळ नियम काय सांगतो?

इस्लामी धर्मशास्त्रात म्हणजे फिकहमध्ये खाण्याच्या वस्तूंबाबत सुरुवातच मुभेपासून होते. एखादी गोष्ट निषिद्ध असल्याचा आधार मिळत नाही तोवर ती चालते. डुक्कर, रक्त, मेलेले जनावर, अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावाने कापलेले जनावर आणि मद्य या गोष्टी कुराणाने निषिद्ध ठरवल्या आहेत. वनस्पती या यादीत नाहीत. त्यामुळे हळद, बीट, मिरची, केशर, शेंद्री, पालक यांच्या रंगाबद्दल मुळात वाद नाही.

तरीही वनस्पती म्हणजे सरसकट हलाल, असेही नाही. नशा आणणारी किंवा शरीराला अपाय करणारी वनस्पती चालत नाही. भांग हे सोपे उदाहरण. आपल्याकडे श्रीखंडात आणि पुरणात हमखास पडणारे जायफळ हे अवघड उदाहरण. जास्त प्रमाणात त्याची गुंगी येते म्हणून जुन्या फकीहांनी त्यावर बरीच चर्चा केली आहे. सौदी अरेबियात जायफळावर निर्बंध आहेत, तर भारतातील बहुतेक हनफी उलमा चवीपुरत्या चिमटीला हरकत घेत नाहीत. रंगाच्या वनस्पतींपैकी एकही या गटात मोडत नाही.

मग संशय कुठे शिरतो?

झाड आणि डबी यांच्या मधल्या कारखान्यात.

हळकुंड दळून पूड केली तर ती हळद. पण सरबत, आइस्क्रीम, चीज यांना पूड चालत नाही. तिचा वास येतो, चव येते, तळाशी गाळ बसतो. त्यांना हवे असते कुरकुमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक. साध्या हळदीत तो साधारण दोन ते पाच टक्के असतो. रंग म्हणून विकल्या जाणाऱ्या कुरकुमिनची शुद्धता ९० टक्क्यांच्या वर लागते. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून हळदीची पूड द्रावकात भिजवून ते ओढून काढावे लागते. केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही याला लीचिंग म्हणून शिकलो आणि त्याची गणिते सोडवली. तेव्हा द्रावक कोणता, याने फक्त आलेख बदलायचा. इथे त्याने फतवा बदलू शकतो.

कारण द्रावकांच्या यादीत अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट, हेक्झेन यांच्या जोडीला इथेनॉलही आहे. इथेनॉल म्हणजे तेच अल्कोहोल, जे दारूत असते. रंग काढून झाल्यावर द्रावक उडवून देतात आणि कुरकुमिनचे स्फटिक उरतात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीच्या (जेक्फा) मानकानुसार त्यात इथेनॉलचा अंश किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त राहू नये.

आता हिशेब करू. एक किलो मिठाईत १०० मिलिग्रॅम कुरकुमिन घातले, तर त्यासोबत इथेनॉल येईल जास्तीत जास्त ०.००५ मिलिग्रॅम. पिकलेल्या केळ्यात किंवा रोजच्या पावात निसर्गतः यापेक्षा कितीतरी पट जास्त अल्कोहोल असते आणि ते कुणीही हराम म्हणत नाही. या पातळीवरच्या अंशाला बहुतेक समकालीन उलमा आणि प्रमाणपत्र संस्था महत्त्व देत नाहीत, ते त्यामुळेच.

द्रवरूप रंगाची आणि इसेन्सची गोष्ट मात्र वेगळी. तिथे अल्कोहोल उडवून दिलेले नसते. रंग किंवा सुगंध त्यातच विरघळवून बाटलीत भरलेला असू शकतो. अमेरिकी मानकाप्रमाणे व्हॅनिला अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावेच लागते. बेकरीवाल्यासाठी रंगाची बाटली आणि इसेन्सची बाटली एकाच फळीवर असते, पण शरियतच्या दृष्टीने दोन्हींचा मामला एक नाही.

दुसरी वाट आहे ‘वाहका’ची. रंग पाण्यात मिसळावा, उन्हाने विटू नये म्हणून त्याला कशात तरी गुंडाळावे लागते. गाजर-भोपळ्यातला नारिंगी घटक म्हणजे बीटा कॅरोटीन अनेकदा जिलेटिनच्या सूक्ष्म मण्यांत बंद करून विकतात. जिलेटिन माशाचे असेल तर प्रश्न मिटला. डुकराचे असेल तर निषिद्ध. गुरांचे असेल तर ते जनावर कसे कापले होते, हा पुढचा प्रश्न. कुरकुमिन पाण्यात मिसळण्यासाठी वापरले जाणारे पॉलिसॉर्बेट ८० (आयएनएस ४३३) आणि ग्लिसरिन (आयएनएस ४२२) हे तेलबियांपासूनही होतात आणि जनावरांच्या चरबीपासूनही. रेणू तोच, म्हणून तयार माल प्रयोगशाळेत तपासून मूळ ओळखणे फार कठीण जाते. कागदपत्रे मागण्यावाचून इलाज नाही.

थोडक्यात, रंग शाकाहारी आणि त्याचा डबा मांसाहारी, असे होऊ शकते.

वाशीममध्ये एक उत्तर, रत्नागिरीत दुसरे?

शक्य आहे, आणि महाराष्ट्रापुरता हा मुद्दा मोलाचा आहे. वऱ्हाडातले बहुसंख्य मुस्लीम हनफी मसलकचे आहेत. कोकणातले मुस्लीम प्रामुख्याने शाफई. दोन्ही सुन्नीच, पण अल्कोहोलकडे पाहण्याची त्यांची जुनी चौकट वेगळी आहे.

इमाम अबू हनिफा आणि त्यांचे शिष्य इमाम अबू युसुफ यांच्या मते ‘खम्र’ म्हणजे मूळ निषिद्ध मद्य हे द्राक्षापासूनचे. खजूर-मनुकांपासूनच्या मद्यालाही त्यांनी कडक नियम लावले. मळी, मका किंवा धान्यापासून बनलेल्या अल्कोहोलला ते नेमके तेच नियम लावत नाहीत. त्यांचे दुसरे शिष्य इमाम मुहम्मद यांचे मत कडक : जे जास्त घेतल्याने नशा येते, ते थोडेही चालत नाही. पिण्याच्या बाबतीत हनफी फतवे या कडक मतावरच दिले जातात. पण औषध, अत्तर, द्रावक अशा वापरात, जिथे नशा हा हेतूच नाही, तिथे आजचे अनेक हनफी मुफ्ती पहिल्या मताची सवलत घेतात. भारतात औद्योगिक अल्कोहोल मोठ्या प्रमाणावर उसाच्या मळीपासून आणि धान्यापासून बनते, त्यामुळे ही सवलत इथे थेट लागू पडते.

शाफई परंपरेत नशा आणणारा कोणताही द्रव नापाक मानला जातो, मग तो कशापासूनही बनलेला असो. वस्तूचे रूप पूर्ण बदलल्यावर ती पाक होते का, या ‘इस्तिहाला’च्या प्रश्नावरही शाफई मत आखडते आहे, हनफी मत मोकळे. दारूचे आपोआप व्हिनेगर झाले तर ते हलाल, इथवर सगळ्यांचे एकमत आहे. त्यापुढे जिलेटिन म्हणजे हाडा-कातड्याचे पूर्ण रूपांतर मानायचे की नाही, यावर उलमांत आजही मतभेद आहेत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘हराम ई-कोड’ची यादी जशीच्या तशी पुढे ढकलणे घाईचे ठरते. त्यात ‘मशबूह’ म्हणजे संशयास्पद, चौकशी करावी अशा पदार्थांनाही सरळ हराम म्हटलेले असते.

लाल रंगाचे काय?

पिवळ्यापेक्षा लाल जास्त फसवा. ‘नैसर्गिक लाल’ तीन-चार ठिकाणांहून येतो. बीट (आयएनएस १६२), टोमॅटोतील लायकोपीन (१६० डी), मिरचीचा अर्क (१६० सी) हे झाडाचे. पण कार्मिन (१२०) हा किड्याचा. निवडुंगावर वाढणारे कोचिनिअल कीटक वाळवून तो काढतात. पेरू हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक देश. एक पौंड रंगासाठी सुमारे ७० हजार किडे लागतात, असे सांगितले जाते. ‘नैसर्गिक’ हा शब्द कार्मिनलाही लागू होतो, ‘वनस्पतिजन्य’ मात्र नाही. दोन शब्दांतला हा फरक पाकिटावर सहज निसटतो. २०१२ मध्ये अमेरिकेत स्टारबक्सच्या स्ट्रॉबेरी पेयात कोचिनिअल असल्याचे समोर आल्यावर शाकाहारी ग्राहक भडकले आणि कंपनीने टोमॅटोच्या लायकोपीनकडे वळण्याचे जाहीर केले.

हनफी आणि शाफई दोन्ही मतांत टोळ सोडून कीटक खाणे वर्ज्य आहे. मालिकी मत सैल आहे. तरीही इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने २०११ मध्ये फतवा क्रमांक ३३ काढून कोचिनिअलचा रंग हलाल ठरवला. ज्या देशात शाफई परंपरा प्रबळ, तिथलाच हा निर्णय. म्हणजे इथेही उत्तर पुस्तकात तयार नव्हते, ते नव्याने शोधावे लागले.

आणखी एक अडचणीचा लाल-जांभळा म्हणजे द्राक्षाच्या सालीचा अर्क, आयएनएस १६३ गटातला. तो शंभर टक्के वनस्पतिजन्य आहे. पण साल पुष्कळदा येते ती रस किंवा वाइन काढून उरलेल्या चोथ्यातून. रसाच्या कारखान्यातली असेल तर निर्धास्त. वाइनच्या टाकीत आंबलेली असेल तर मामला थेट द्राक्षाच्या मद्याशी जोडला जातो, आणि तिथे हनफींची मळीवाली सवलतही कामाची नाही. पाकिटावरचा आकडा दोन्हींचा एकच.

हिरवा ठिपका पुरेसा नाही का?

अर्धा प्रश्न तो सोडवतो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी अन्नाच्या व्याख्येत प्राणी, पक्षी, मासे, अंडी यांच्यासोबत कीटकही आहेत. त्यामुळे हिरवा ठिपका खरा असेल तर कार्मिन नाही, जिलेटिनही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राम गौ रक्षा दलाच्या याचिकेवर स्पष्ट केले, की घटकाचे केवळ सांकेतिक नाव देऊन भागणार नाही. तो वनस्पतीचा की प्राण्याचा, हे सांगावे लागेल, मग त्याचे प्रमाण कितीही कमी असो.

पण हिरवा ठिपका अल्कोहोलबद्दल काहीच बोलत नाही. अल्कोहोल ऊस-धान्याचे, म्हणजे शाकाहारी. शिवाय याच व्याख्येतून दूध, मध, मेणाप्रमाणे लाखही वगळली आहे. गोळ्या-चॉकलेटला चमक देणारी लाख (आयएनएस ९०४) किड्याच्या स्रावापासून बनते आणि तरी हिरव्या ठिपक्याखाली येते. अनेक उलमा तिला मधासारखा स्राव मानून मुभा देतात, ही गोष्ट वेगळी.

ठिपक्यावर समाधान न होणारे फक्त मुस्लीमच आहेत असे नाही. वाशीम जिल्ह्यातच शिरपूर आणि कारंजा ही जैनांची मोठी स्थाने आहेत. कटाक्षाने कंदमूळ टाळणाऱ्या जैन घरात बिटाचा रंग चालत नाही. हलालच्या तराजूत तोच सर्वांत निर्धोक. एकाच हिरव्या ठिपक्याखाली दोन शेजाऱ्यांचे प्रश्न उलटसुलट.

मग कृत्रिम रंग हराम?

गंमत अशी, की निव्वळ हलाल-हरामच्या कसोटीवर कृत्रिम रंग सोपे जातात. टार्ट्राझिन, सनसेट यलो हे पेट्रोलियमजन्य रसायनांपासून बनतात. त्यात ना प्राणी, ना मद्य. पण कुराणात ‘हलाल’सोबत ‘तय्यब’ हा शब्द येतो : चांगले, निर्मळ, अपाय न करणारे. आक्षेप तिथून येतो.

भारतात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि साधारणतः किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. लग्नाच्या जर्द्यात किंवा गाड्यावरच्या तंदुरीत चमच्याने रंग पडतो तेव्हा ही मर्यादा कोण मोजतो? कापड रंगवण्याचा ऱ्होडामाइन-बी सापडल्यावर तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘बुढ्ढी के बाल’वर बंदी घातली आणि पाठोपाठ मार्चमध्ये कर्नाटकने रंगीत गोबी मंचुरियनवर. हळदीलाही हा शाप आहे. मेटॅनिल यलो आणि शिशाचे लेड क्रोमेट घालून ती उजळ करण्याचे प्रकार जुने आहेत, वास्तविक मसाल्यात बाहेरचा रंग घालायलाच मनाई आहे. असा भेसळीचा पिवळा वनस्पतिजन्य म्हणून विकला जातो. माझ्या मते धर्माच्या अंगाने सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. अपाय आणि फसवणूक या दोन्ही बाबतींत कोणत्याही मसलकचे दुमत नाही. द्रावकाच्या हजारांश मिलिग्रॅमवर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मीही शिशावर होत नाही.

वाशीमच्या हळदीला याने काय फरक पडतो?

जगातील ७० टक्क्यांहून अधिक हळद भारतात पिकते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये १.६२ लाख टन हळद आणि हळदीचे पदार्थ निर्यात झाले, किंमत २२.६५ कोटी डॉलर. मुख्य खरेदीदार म्हणून सरकार चार देशांची नावे घेते : बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका आणि मलेशिया. चारपैकी तीन मुस्लीमबहुल.

नुसत्या हळकुंडासाठी हलालचा कागद सहसा कुणी मागत नाही. तो मागितला जातो ओलिओरेझिन, कुरकुमिन आणि तयार रंगमिश्रणासाठी. आणि मोल वाढते तेही इथेच. इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याने खाद्यपदार्थांना हलाल प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. आयात मालासाठी आणि छोट्या उद्योगांसाठी मुदत १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. दुसरीकडे अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये पेट्रोलियमजन्य खाद्यरंग हटवण्याचा इरादा जाहीर केला आणि मे महिन्यात गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या रंगाचा वापर आणखी पदार्थांसाठी खुला केला. झाडाच्या रंगाला मागणी दोन्ही दिशांनी वाढते आहे.

शेजारच्या हिंगोलीत वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, वसमतलाच हळद संशोधन केंद्रही उभे राहते आहे. वाशीमची हळद त्याच पट्ट्यातली, तरी बहुतांश कच्च्या रूपातच बाहेर जाते. अर्क काढणारा उद्योग इथे उभा राहिला, तर द्रावक कोणता आणि वाहक कोणता, हे दोन निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावे लागतील. इथाइल अ‍ॅसिटेट आणि वनस्पतिजन्य डिंक निवडले तर वरचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत.

प्रमाणपत्र देते कोण?

भारतात मांसाखेरीज इतर पदार्थांसाठी सरकारी हलाल प्रमाणपत्र नाही. मांस निर्यातीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाने ‘आय-कॅस हलाल’ योजना आणली, ती १६ ऑक्टोबर २०२४ पासून १५ देशांसाठी लागू आहे. बाकी सारे जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया अशा खासगी संस्थांकडे. उत्तर प्रदेशने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी हलाल प्रमाणित मालाच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली, निर्यात वगळून. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मधील सुनावणीत सिमेंट आणि लोखंडी सळ्यांनाही हलाल प्रमाणपत्र दिले जाते, याकडे महाधिवक्त्यांनी लक्ष वेधले.

सळ्यांचा मुद्दा हसण्यावारी नेता येईल, आणि हळकुंडाला हलाल शिक्का हीदेखील निव्वळ विक्रीची युक्तीच. पण कुरकुमिनच्या डबीबाबत तसे म्हणता येत नाही. तिथे विचारण्यासारखे खरोखर काही आहे.

दुकानात उभे राहून काय पाहायचे?

घटकांच्या यादीत ‘परवानगीप्राप्त नैसर्गिक रंग’ याच्या पुढचा आकडा शोधा. १००, १४०, १६० चे प्रकार, १६२ दिसले आणि ठिपका हिरवा असला तर हनफी घरात सहसा अडचण येऊ नये. १२० दिसला तर तो कीटकाचा. १६३ दिसला तर द्राक्षाची साल की दुसरे फळ, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारता येते. ४२२, ४३३ दिसले आणि ठिपका तपकिरी त्रिकोण असला, तर त्यांचे मूळ विचारावे. द्रव रंगाच्या बाटलीवर वाहक म्हणून प्रोपिलीन ग्लायकोल आहे की अल्कोहोल, ते पाहावे. उत्तर हाती आले की ते आपल्या भागातल्या दारुल इफ्तापुढे ठेवता येते. आकडा, मूळ आणि प्रमाण समोर असेल तर मुफ्तींनाही नेमके सांगता येते.

जर्द्यापुरते बोलायचे तर दुधात भिजवलेले केशर किंवा दोन चिमटी घरची हळद, दोन्ही निर्विवाद. केशर परवडत नाही आणि हळदीचा वास भातात राहतो, ही तक्रार मात्र खरी आहे. डबीने गिऱ्हाईक मिळवले ते त्यावरच.